पापनाशम् येथील एक संवत्सर
(गीता-अभ्यास : अध्याय ३, श्लोक ९ ते १६)

गीतेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या गृहस्थाची पहिली अडचण तत्त्वज्ञानाची नसते, वेळेची असते. मुले लहान आहेत, नोकरी आहे, घरात वृद्ध माणूस आहे, पहाटे उठल्यापासून रात्री अंथरुणास पाठ टेकेपर्यंत क्षणाची उसंत नाही. अशा स्थितीत योग कोठला आणि यज्ञ कोठला, असे तो म्हणतो. हे म्हणणे खोटे नाही. पुष्कळ उपदेशक ते आळसाचे निमित्त समजून झिडकारतात, आणि तेथे त्यांची चूक होते. तथापि ज्याला गीता सांगितली गेली तो अर्जुनही काही निवांत बसलेला नव्हता. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा होता. म्हणून उसंत नसणे हा गीतेच्या अभ्यासाला प्रतिबंध ठरत नाही. प्रश्न निराळा आहे : जे कर्म मनुष्याला उसंत देत नाही, ते चालले आहे कोणासाठी? तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकापासून सोळाव्यापर्यंत याच प्रश्नाचा विचार आला आहे. तो विचार येथे एका घराच्या एका वर्षाच्या आधाराने करावयाचा आहे.

तमिळनाडूत तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान लोहमार्गावर पापनाशम् हे गाव आहे. (तिरुनेलवेलीकडील त्याच नावाचे क्षेत्र निराळे.) खरदूषणांच्या वधाचा दोष जावा म्हणून प्रभू रामचंद्रांनी येथे शिवलिंगे स्थापिली, अशी स्थानिक परंपरा सांगते, रामलिंगस्वामींच्या देवळात १०८ लिंगांचे दर्शन होते आणि गावाच्या नावाचा उलगडा लोक त्या कथेवरूनच करतात. गावाला लागून असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे प्राचीन देऊळ आहे. त्याच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड गोल कोठार आहे. तंजावरच्या नायक राजांच्या काळी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले, आणि त्यात ३००० कलम भात मावे. कलम हे त्या प्रांताचे धान्याचे जुने माप. कोठार राजवाड्यात नाही, बाजारात नाही, देवळाच्या आवारात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हा प्रांत मराठी माणसाला परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले, ते १८५५ साली संपले. समर्थ रामदासांच्या शिष्यांचे मठ तंजावरास व मन्नारगुडीस झाले. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. राज्य गेले तरी मराठी बोलणारी कुटुंबे तेथेच राहिली. घरात तंजावरी मराठी, दारात तमिळ, आणि देवघरात संस्कृत, असा त्यांचा क्रम आजही काही घरांत आढळतो.

असेच एक घर मनासमोर आणावे. हे कोणा एका कुटुंबाचे चरित्र नव्हे. त्या भागातील अनेक घरांवरून बांधलेला दृष्टांत आहे. पती पस्तिशीचा, कुंभकोणम्ला बँकेत कारकून. पत्नी गावातील शाळेत शिक्षिका. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. पतीची आई सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, परंतु स्मरणाने तल्लख. दीड एकर भातशेत आहे, ते कुळाकडे. कूळ वर्षाला आठ पोती भात घालते आणि त्यातून घरचा वर्षाचा तांदूळ भागतो.

या घरात वर्ष दोनदा सुरू होते. ९ एप्रिल २०२४ रोजी गुढीपाडवा झाला, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. पाच दिवसांनी, १४ एप्रिलला, तमिळ वर्षारंभ आला. त्याचेही नाव क्रोधीच. पंचांगवाचन ऐकताना आजी म्हणाली, ‘नाव ऐकूनच घ्या म्हणजे झाले.’ सर्व हसले.

पाडव्याला गृहस्थाने संकल्प केला की रोज गीतेचा एक अध्याय वाचावयाचा. पहिला अध्याय झाला. दुसऱ्याचे ७२ श्लोक वाचता वाचता सकाळची गाडी चुकण्याची वेळ आली. तिसरा अर्धा राहिला, चौथ्या दिवशी मुलगा रडत उठला, आणि पाचव्या दिवसापासून पुस्तक देवघरातल्या फळीवर गेले. असे संकल्प घरोघरी होतात आणि घरोघरी असेच मोडतात. त्यात श्रद्धेचा अभाव नसतो. हिशेब चुकलेला असतो. यज्ञ ही नित्याच्या कर्मांवर वरून लादावयाची एक जास्तीची गोष्ट आहे, अशी समजूत त्या हिशेबाच्या मुळाशी असते. गीता दहाव्या श्लोकात याच्या उलट सांगते. प्रजापतीने प्रजा उत्पन्न केली ती यज्ञासह केली. येथे ‘सह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मनुष्य आधी जन्मला, मग त्याला सवड सापडली आणि मग त्याने यज्ञ आरंभिला, असा क्रम नाही. श्वासाला जशी वेगळी सवड लागत नाही, तशी यज्ञालाही लागू नये, अशी ती रचना आहे.

जून महिना आला. तंजावरच्या प्रदेशात जूनच्या १२ तारखेला एक विशेष अर्थ आहे. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. त्याचे पाणी खालच्या भातशेतीसाठी या तारखेस सोडावे, असा परिपाठ आहे. सोडलेले पाणी सुमारे तीन दिवसांत कल्लणैस पोहोचते. हा प्राचीन बंधारा करिकाल चोळाच्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथून ते कावेरीच्या शाखांत व कालव्यांत वाटले जाते. पापनाशम्च्या परिसरातून वाहणारी कुडमुरुट्टी ही त्यांतलीच एक शाखा. या पाण्यावर प्रथम ‘कुरुवै’ हे थोड्या दिवसांचे पीक होते, आणि पुढे ‘सांबा’ हे लांब मुदतीचे पीक माघाच्या सुमारास हाती येते. येथे एक मौज आहे. जूनमध्ये जे पाणी पापनाशम्च्या शेतात येते, तो पाऊस पापनाशम्ला पडलेला नसतो. तो कोडगूच्या डोंगरांत, तलकावेरीच्या बाजूस, शेकडो मैलांवर पडलेला असतो. ज्याने तो पाऊस पाहिला त्याने तो भात पाहिला नाही, आणि भात खाणाऱ्याने तो पाऊस पाहिला नाही.

चौदाव्या व पंधराव्या श्लोकांत भगवंतांनी जे चक्र सांगितले ते हेच. प्राणी अन्नापासून, अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून, कर्म वेदापासून आणि वेद अक्षरापासून. पुष्कळ वाचक यातील ‘यज्ञापासून पर्जन्य’ या एका पायरीवर अडतात आणि वादात वेळ घालवितात. त्या वादाचे येथे कारण नाही. चक्राचा मुख्य भाव असा की, मनुष्याच्या पानात जे पडते ते त्याच्या आधी अनेकांच्या हातून येते, आणि त्याच्यापाशी आल्यावर ते थांबावे अशी सृष्टीची योजना नाही. यज् या धातूचे तीन अर्थ वैयाकरण सांगतात : देवपूजा, संगतिकरण आणि दान. त्यांतील मधला अर्थ लोक विसरतात. जोडणे, एकत्र आणणे, हाही यज्ञच होय. चक्रातील जो दुवा निखळू पाहतो, तो पुन्हा जोडणे हे यज्ञाचे काम.

त्या वर्षी दुवा निखळला. धरणात साठा कमी असल्यामुळे २०२४ च्या १२ जूनला पाणी सुटले नाही. ज्यांच्या शेतात विंधणविहीर होती त्यांनी कुरुवै लावले. ज्यांचा भरवसा कालव्यावरच होता त्यांची शेते पडून राहिली. या घरचे कूळ दुसऱ्या वर्गातले. जुलैच्या प्रारंभी एके सकाळी तो म्हातारा शेतकरी दाराशी आला आणि ओट्याखाली उभा राहिला. त्याला सांगावयाचे होते की कुरुवै गेले, आता एका सांब्यावर सगळे आहे, वर्षाच्या पोत्यांचा विचार व्हावा. गृहस्थ पायात वहाणा घालीत होता. त्याने सांगितले, ‘रविवारी या.’ रविवारी मुलीच्या शाळेचे काही निघाले. त्यापुढच्या रविवारी म्हातारा आलाच नाही.

यात गृहस्थाने कोणाचे वाईट केले, असे कोणी म्हणणार नाही. तो कठोर मनुष्य नव्हता. त्याला खरोखरच गाडी गाठावयाची होती. परंतु बाराव्या श्लोकात भगवंतांनी ‘चोर’ हा कठोर शब्द योजला आहे, आणि तो दरोडेखोराला नव्हे, तर मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला लावला आहे. चोरी केवळ धान्याचीच होते असे नाही. जो मनुष्य अन्न पिकवितो त्याचे बोलणे ऐकण्यापुरता वेळही त्याला न देणे, हे त्याच श्लोकाच्या कक्षेत येते की नाही, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या दारात उभे राहून करावा.

अखेर वरच्या बाजूस पाऊस लागला. २८ जुलैला मेट्टूरचे दरवाजे उघडले आणि ३० जुलैला धरण १२० फुटांच्या पूर्ण पातळीस पोहोचले. इतक्या लवकर रूप पालटले की, ज्या कालव्यांत आठवड्यापूर्वी मुले खेळत होती ते काठोकाठ भरले. ३ ऑगस्टला आडी महिन्याचा अठरावा दिवस, आडिप्पेरुक्कु. नदीला आलेल्या नव्या पाण्याचा हा सण. स्त्रिया नदीकाठी जाऊन कावेरीची पूजा करतात, चिंचेचा, लिंबाचा, दह्याचा असे नाना प्रकारचे भात करून नेतात, मुले लहान लहान रथ ओढीत काठापर्यंत जातात.

तो शनिवार होता आणि बँक चालू होती. मुलाला रात्रीपासून ताप. स्वयंपाकघरात चार प्रकारचे भात अर्धवट, आजीला खाली बसता येत नाही, मुलगी आपला रथ सजवून दाराशी वाट पाहत उभी. पत्नी म्हणाली, ‘अहो, आज निदान अर्धा दिवस तरी थांबा. याला वैद्यांकडे न्यायचे आहे.’ गृहस्थ म्हणाला, ‘काउंटरवर आज मी एकटा आहे. आणि हे पाहा, माझे कर्म हीच माझी पूजा. मला सणवार लागत नाहीत.’ त्यावर ती हातातली पळी खाली ठेवून म्हणाली, ‘तुमचे कर्म पूजा, आणि माझे काय? हमाली?’

पुढे जे बोलणे झाले ते लिहिण्याजोगे नाही. संवत्सराचे नाव सार्थ झाले. गृहस्थ गाडीला गेला. मुलाला शेजारच्या बाईंनी वैद्यांकडे नेले. नदीवर कोणी गेले नाही. मुलीने रथ अंगणातच ओढला.

‘कर्म हीच पूजा’ हे वाक्य आज प्रत्येक कचेरीत ऐकू येते, आणि लोक ते गीतेच्या नावावर घालतात. ते कोठून आले हे पाहिले पाहिजे. त्याचे मूळ अठराव्या अध्यायाच्या सेहेचाळिसाव्या श्लोकात आहे. तेथे सांगितले आहे की, ज्याच्यापासून सर्व भूतांची प्रवृत्ती होते आणि ज्याने हे सर्व व्यापिले आहे, त्याची आपल्या कर्माने पूजा करून मनुष्य सिद्धीस पोहोचतो. येथे विभक्ती बारकाईने पाहावी. ‘स्वकर्म’ हा शब्द तृतीयेत आहे. तृतीया करणाची असते, साधनाची असते. पूजा ज्याची करावयाची तो द्वितीयेत आहे, आणि तो आहे सर्व व्यापणारा परमेश्वर. फूल पूजेचे साधन आहे म्हणून फुलाचीच पूजा कोणी करीत नाही. ‘कर्म हीच पूजा’ म्हणणारा मनुष्य श्लोकातील द्वितीया गाळतो आणि तृतीयेलाच देव्हाऱ्यात बसवितो. मग ज्याने हे सर्व व्यापिले आहे तो कचेरीतल्या खातेवहीतच काय तो उरतो. तापलेल्या मुलात, ओट्याखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्यात आणि चुलीपुढे घामाघूम झालेल्या पत्नीत तो दिसेनासा होतो. सर्वव्यापकाला एका खोलीत कोंडणे, याला पूजा म्हणता येत नाही.

तिसऱ्या अध्यायाचा नववा श्लोक हीच कसोटी दुसऱ्या शब्दांत देतो. यज्ञासाठी केलेले कर्म बांधीत नाही. अन्य कर्म बांधते. आपले कर्म यज्ञार्थ आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. यज्ञार्थ कर्म दुसऱ्याच्या कर्माला मान देते. जे कर्म दुसऱ्याच्या कर्माला हमाली ठरविते, ते कितीही प्रामाणिकपणे केलेले असो, त्यात अहंकाराचा अंश आलेला असतो. सहाव्या अध्यायात तर भगवंतांनी आहार आणि विहार यांच्याबरोबर कर्मातील खटाटोपालाही माप सांगितले आहे. कामाचा अतिरेक हा उद्योगी माणसाचा अतिभोजनासारखाच एक विकार आहे, आणि त्याची स्तुती होत असल्यामुळे तो अधिक घातक.

रात्री गृहस्थ परतला तेव्हा मुलाचा ताप उतरला होता. कोणी काही बोलले नाही. दुसरे दिवशी आडी अमावास्या होती. त्याने नदीवर जाऊन पितरांचे तर्पण केले आणि परतताना म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी गेला. म्हातारा सांब्याच्या रोपांसाठी वाफा नांगरीत होता. बोलणे थोडेच झाले. ‘पीक पाहून ठरवू’ इतकेच गृहस्थ म्हणाला. घरी आल्यावर त्याने पत्नीला विचारले की सकाळच्या कामांतले कोणते काम आपण घ्यावे. ती चटकन म्हणाली, ‘इडलीचे पीठ आणि केर.’ तिने ते कित्येक महिने ठरवूनच ठेवले असावे.

या दोन कामांवरून एका जुन्या विषयाकडे जाता येते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, त्यांना पंचसूना म्हणतात : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी नकळत जीवहत्या होते. तेराव्या श्लोकात यज्ञशेष खाणारे ‘सर्व पापांतून’ सुटतात असे म्हटले आहे. ती पापे कोणती हे सांगताना शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात याच पंचसूनांचा निर्देश केला आहे. म्हणजे गीता ज्या पापाबद्दल येथे बोलते ते कोठले दूरचे महापातक नव्हे. ते स्वयंपाकघरातले आहे. आता चुलीच्या जागी गॅस आला, जात्याच्या जागी विजेवर फिरणारा दगडी ग्राइंडर आला. परंतु कोणाचा तरी जीव, कोणाचा तरी घाम खर्ची पडल्यावाचून अन्न शिजत नाही, हे तसेच राहिले आहे. त्याच्या निष्कृतीसाठी पाच महायज्ञ सांगितले : अध्ययन-अध्यापन, पितृतर्पण, देवांसाठी होम, भूतांसाठी बली आणि अतिथींसाठी अन्न.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. तेराव्या श्लोकात यज्ञशेष खाणाऱ्यांना ‘संत’ म्हटले आहे, आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पापच खातात असे म्हटले आहे. संन्याशाला चूल नाही, अग्नी नाही. तो शिजवीतच नाही. म्हणजे ही स्तुतीही गृहस्थाची आणि ही निंदाही गृहस्थाचीच. चूल ज्याच्याकडे आहे त्यालाच हा श्लोक लागू पडतो. संतपदाची वाट स्वयंपाकघरातून जाते, असे येथे भगवंत सुचवितात. सेवानिवृत्तीनंतर ती सापडेल असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. ज्ञानेश्वरमहाराजांनीही या प्रसंगी स्वधर्म हाच नित्ययज्ञ असे स्पष्ट करून सांगितले आहे.

आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु आचार ठाऊक होता. कांचीचे श्रीचंद्रशेखरेंद्र सरस्वती (१८९४–१९९४) गृहिणींना सांगत असत की, तांदूळ शिजत घालण्यापूर्वी रोज एक मूठ तांदूळ देवासाठी आणि गरिबासाठी वेगळा काढावा. त्यांचा मठ पूर्वी कुंभकोणम्लाच होता, त्यामुळे त्या भागातील जुन्या घरांत ही चाल टिकून आहे. मूठमूठ धान्य गोळा करून मोठी कामे उभी करण्याची रीत महाराष्ट्रालाही नवीन नाही. आजीच्या लग्नापासून घरात एक पितळेचा डबा होता. ती उठू शकेनाशी झाल्यापासून तो रिकामा होता. आता मुलीने ते काम घेतले. तिची मूठ लहान, म्हणून ती रोज दोन मुठी टाकी. दाराशी रांगोळी, जिला तिकडे कोलम् म्हणतात, ती तांदळाच्या पिठाचीच हवी असाही तिने हट्ट धरला, कारण मुंग्यांना खाता आले पाहिजे असे आजीने सांगितले होते. हल्ली सर्वत्र दगडाची पूड वापरतात. रेघ पांढरी उठते, परंतु भूतयज्ञ होत नाही. जेवणापूर्वी कावळ्याला घास ठेवण्याची चाल मात्र घरात कधी मोडली नव्हती.

आणि गीता? ५ ऑगस्टपासून गृहस्थाने रोज एकच श्लोक वाचण्याचा नेम केला, तोही गाडीत नव्हे, तर पीठ वाटून होईपर्यंत ग्राइंडरपाशी बसून. पत्नी मुलीची वेणी घालता घालता अर्थ ऐके. कधी कधी ती शंका काढी आणि त्याला उत्तर देता येत नसे. ते अध्ययनाच्या दृष्टीने चांगलेच झाले.

नवरात्र आले, बाहुल्यांचा कोलू मांडला गेला, दिवाळी झाली. या दिवसांविषयी सांगण्यासारखे विशेष नाही. दोघांचीही दमछाक होत होती, रागही येत होता. क्रोधी संवत्सर काही नेम केल्याने बदलले नाही. फरक इतकाच पडला की राग आलेला लवकर कळू लागला. दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची साखळी सांगितली आहे, ती त्यांनी नोव्हेंबरात वाचली. तीत क्रोध हा मधला दुवा आहे हे पाहून पत्नी म्हणाली, ‘म्हणजे भांडण सुरू होण्याच्या पुष्कळ आधी चूक झालेली असते.’ कोणत्याही टीकाकाराने याहून निराळे सांगितलेले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कावेरीच्या मुखप्रदेशात मोठा पाऊस झाला. ३० तारखेस फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. जूनमध्ये ज्या शेताला पाणी नव्हते त्याच शेतात आता कोवळा सांबा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. म्हातारा आणि त्याचा मुलगा बांध फोडून पाणी काढीत होते. काही भाग कुजला.

पुढे मार्गळी महिना लागला. महिन्यांमध्ये मार्गशीर्ष मी, असे दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात; तमिळ मार्गळी हा सौर महिना त्याच सुमारास येतो. पहाटे थंडीत भजने म्हणत फिरण्याची त्या प्रांतात जुनी परंपरा आहे. पापनाशम्चे नाव ज्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले ते कीर्तनकार पापनाशम् शिवन् (१८९०–१९७३) हे मद्रासेत मैलापूरच्या रस्त्यांवरून अशीच भजने नेत. ११ डिसेंबरला गीताजयंती होती. त्या दिवशी गृहस्थाला रजा मिळाली नाही. तो आपला एक श्लोक वाचून कामाला गेला.

डिसेंबरच्या अखेरीस ते तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकापाशी आले. त्याच सुमारास पोत्यांचा विषय निघाला. गृहस्थाचे म्हणणे, या वर्षी आठांऐवजी चारच पोती घ्यावीत. पत्नी गप्प राहिली. मग तिने हिशेब मांडला. चार पोती कमी म्हणजे सहा महिन्यांचा तांदूळ विकत. मुलीच्या शाळेचा हप्ता जानेवारीत, आईंच्या गुडघ्याची औषधे दरमहा, आणि शिवाय तिच्या भावाचे लग्न. ‘तुम्ही पुण्य कराल, पण महिन्याची ओढाताण माझ्या हातून होणार आहे,’ ती म्हणाली, ‘तेव्हा मला विचारून करा.’ हे तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. दान हे ज्याच्या हातून जाते त्याचेच असते असे नाही. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याचेही असते, आणि अशाचे मत घेतल्यावाचून केलेले दान हा दुसऱ्याच्या द्रव्यावर केलेला यज्ञ होय. असे यज्ञ गृहस्थांच्या घरांतून पुष्कळ होतात.

तीन दिवस निर्णय झाला नाही. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, ‘इडलीला रेशनचा तांदूळ चालतो. चांगल्या फुगतात.’ पत्नी म्हणाली, ‘पाच घेऊ. चार नाही.’ पाच ठरली. शाळेचा हप्ता दोन भागांत भरण्याची परवानगी तिनेच जाऊन आणली.

१४ जानेवारी २०२५ ला पोंगल झाले. फेब्रुवारीत सांब्याची कापणी झाली. पीक नेहमीपेक्षा कमी, तरी अगदी गेले नाही. पाच पोती बैलगाडीतून नव्हे, मोटारीतून आली. म्हातारा बरोबर होता. या वेळी तो ओट्यावर बसला, त्याला कॉफी दिली गेली, आणि गृहस्थाने त्या दिवशी रजा काढली होती. जाताना म्हाताऱ्याने एक जुनी गोष्ट सांगितली, की पूर्वी त्याच्या आजोबांच्या काळी शेतातले पहिले भात प्रथम देवळाकडे जाई आणि मग घरी येई.

पालैवननाथाच्या आवारातले कोठार पाहिले म्हणजे हा क्रम डोळ्यांसमोर उभा राहतो. धान्य आधी देवाच्या दारात, मग माणसाच्या ताटात. मधली पायरी गाळली नाही म्हणून त्या अन्नाला यज्ञशेष म्हणावयाचे. आज ते कोठार पुरातत्त्वाची वस्तू म्हणून उभे आहे, त्यात भात नाही. पितळेच्या डब्यात मात्र आहे.

३० मार्च २०२५ रोजी पाडवा आला आणि विश्वावसु संवत्सर लागले. ५ ऑगस्टपासून त्या दिवसापर्यंत २३८ दिवस झाले होते. मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चुकलेल्या दिवसांवर फुल्या केल्या होत्या. त्या ३४ भरल्या. वाचून झालेले श्लोक २०४, म्हणजे चौथा अध्याय त्याच सकाळी पुरा झाला. गृहस्थ पाचव्याचे पान उघडू लागला तेव्हा पत्नी म्हणाली, ‘आज नको. आज पुरणाचे तुम्ही वाटा.’